वर्षाची बेगमी: काटकसर कुणाला परवडली?

एप्रिल सरत आला की पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार दुकानांपुढे बायकांची गर्दी दिसू लागते. पोत्यात हात खुपसून मूठभर गहू वर काढायचा, तळहातावर पसरून फुंकर मारायची, एखादा दाणा दाताखाली फोडून बघायचा. लोकवन घ्यायचा की सिहोर, यावर दुकानदाराशी थोडी घासाघीस होते. मग पोतं रिक्षात पडतं आणि घरी पोचल्यावर खरं काम सुरू होतं. चाळायचं, निवडायचं, दोन-तीन कडक उन्हं दाखवायची. ऊन उतरल्यावर गहू गार होऊ द्यायचा, नाहीतर डब्यात घाम धरतो. मग हाताला एरंडेल घेऊन ते दाण्यांना चोळायचं. चकाकी येईल इतकंच, दाणे एकमेकांना चिकटतील इतकं नाही. डब्यात भरताना मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळवलेला पाला.

माझ्या आजीकडे यासाठी एक वही होती. डाव्या पानावर गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ. उजव्या पानावर मिरची, हळद, चिंच, मीठ, गूळ आणि वाळवणाचं सामान. प्रत्येक वर्षाचं एकच जोडपान, त्यावर माणसं किती, पाहुण्यांचा अंदाज किती, हेही लिहिलेलं. ज्या वर्षी धोंड्याचा महिना, त्या वर्षी वर कोपऱ्यात ‘१३’ असा आकडा. सणवार मराठी महिन्यांनी चालायचे, तेव्हा त्या वर्षी धान्यही तेरा महिन्यांचं लागणार, असा तिचा साधा हिशेब.

वर्षाच्या खर्चाचं अंदाजपत्रक म्हणतात ते आपल्याकडे बहुतेक घरांत या रूपात होतं. त्यामागचं कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. तूर पौष-माघात निघते, रब्बीची ज्वारी आणि गहू माघ-फाल्गुनात, मिरची-हळद-चिंच त्याच्या आगेमागे. खळ्यावरून माल बाजारात आला की भाव पडतात. श्रावण-भाद्रपदात तेच धान्य महागतं. शिवाय पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर, वाटा बंद, ऊन नाही. म्हणून मृग लागायच्या आत घर भरून घ्यायचं. कोकणात याला आगोटची तयारी म्हणतात: सुकी मासळी, तांदूळ, मीठ, आमसुलं, सरपण, सगळं पहिल्या सरीआधी आत. गोव्यात हेच पुरुमेंत. पोर्तुगीजांचा शब्द कोकणीत मुरला आणि मडगावला आजही मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे मिरच्या-कोकमांपासून सगळी पावसाळी खरेदी होते.

इथपर्यंतचं वर्णन आपण नेहमी मायेनं करतो. कणगी, बळद, जमिनीतली पेवं, पापड-कुरडयांनी भरलेल्या गच्च्या आणि ‘आधीच्या बायका किती काटकसरी’ हे वाक्य. मला त्यातली एक गोष्ट खटकत आलेली आहे. वर्षाचं धान्य स्वस्तात भरायला चैत्र-वैशाखात एकरकमी पैसा हातात लागतो. ज्याच्याकडे तो असे, त्याला काटकसर साधे. ज्याच्याकडे नसे, तो तेच धान्य भाद्रपदात चढ्या भावानं, पायली-पायलीनं, बहुतेकदा उधारीवर घेई. गरीब माणूस वर्षाकाठी त्याच भाकरीसाठी जास्त पैसे मोजत आला आहे. काटकसरीचा इतिहास बघायचा तर ही एकरकमी रक्कम कुणाच्या हातात पडत होती, हे बघावं लागतं.

गावगाड्यात ती रक्कम म्हणजे धान्यच होतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी हे बलुतेदार वर्षभर काम करत आणि त्यांचं बलुतं सुगीला खळ्यावर मिळे. खळं चांगलं झालं तर वर्ष निभावलं, नाहीतर नाही. सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचं, वर्ष गुढीपाडव्याला सुरू होई, अजूनही मराठवाड्यात, विदर्भात अनेक गावांत होतं. पाडव्याला मालकाच्या ओट्यावर साल ठरतं: रोख किती, धान्य किती, कपडे किती आणि आधीच घेतलेली उचल किती वळती करायची. एका सकाळी एका कुटुंबाचं पुढच्या पाडव्यापर्यंतचं अंदाजपत्रक ठरून जातं आणि त्यात त्या घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. पुढे वर्षभर त्या आकड्यात घर बसवायचं काम मात्र तिचंच.

जमीन असलेल्यांचंही फार बरं नव्हतं. जमिनीवरचा सरकारी कर, म्हणजे सारा, रोखीत भरायचा, तोही ठरल्या हप्त्यानं. तेवढ्यासाठी सुगीलाच, म्हणजे भाव सर्वांत पडलेले असताना, धान्य विकावं लागे आणि पुढे खायला तेच सावकाराकडून वाढीनं आणावं लागे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. वह्या जाळल्या म्हणून घरातला तुटवडा भरून निघाला नाही, हे पुढच्या नोंदींवरून दिसतं.

त्यातली सर्वांत बोलकी नोंद डॉ. हॅरोल्ड मान यांची. ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरनिहाय पाहणी करून ती १९१७ मध्ये छापली. गावात १०३ कुटुंबं. प्रत्येकाची जमीन, उत्पन्न, कर्ज आणि त्या घराला त्याच्याच राहणीनं जगायला वर्षाला लागणारा खर्च, असा ताळा त्यांनी मांडला. निव्वळ शेतीवर वर्ष निभावणारी घरं निघाली ८. बाहेरची मजुरी जोडून कसंबसं भागवणारी २८. उरलेल्या ६७ घरांचं वर्ष काही केल्या जुळतच नव्हतं. ही माणसं उधळी नव्हती. लग्नाच्या खर्चावर बोट ठेवायची तेव्हाच्या अधिकाऱ्यांना सवय होती, पण मूळ उत्पन्नच तोकडं असेल तर लग्न न करताही खड्डा भरत नाही. आज पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत. तिथल्या रहिवाशांपैकी किती जणांना माहीत असेल की आपल्या देशात घरखर्चाचा नेटका अभ्यास ज्या थोड्या गावांत आधी झाला, त्यांतलं हे एक!

गाव पुरेना म्हणून माणसं मुंबईला गेली. तिथे पगार रोख होता, पण तो वर्षाचा नव्हता, महिन्याचा होता आणि तोही उशिरा. गिरणीत महिना भरून पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला की पगार. नवा माणूस कामाला लागला की पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना जाई. तोवर खायचं काय? वाण्याकडचं खातं. पगार उशिरा होत असल्यामुळे हे खातं जवळजवळ प्रत्येक गिरणी कामगाराच्या नशिबी आलं, आणि खातं असलं की भाव वाण्याचा, माप वाण्याचं. १९३६ च्या वेतन कायद्यानं पगार सात किंवा दहा तारखेच्या आत द्यायचं बंधन घातलं, तेव्हा कुठे वाण्याची ही पकड थोडी सैल झाली.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनं १९२१-२२ मध्ये २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांनी त्याचा अहवाल १९२३ मध्ये दिला. खर्चातला जवळपास ५७ टक्के वाटा नुसत्या खाण्यावर जात होता, घरभाड्यावर आठ टक्क्यांच्या आत. ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि नेहमीचा दर होता रुपयाला महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्या अहवालातलं एक निरीक्षण वाचून मी दोनदा थांबले: या कामगारांच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांवरच्या मजुरांना नेमून दिलेल्या कमाल शिध्याइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यांना ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी होतं. यातूनच गावी मनीऑर्डर जायची. गावाकडची माणसं भात-नाचणी पिकवायची आणि सारा, कापड, मीठ, रॉकेल याचा रोख खर्च या मनीऑर्डरीवर भागायचा. कोकणातल्या कित्येक घरांचं वर्ष असं दोन ठिकाणी मिळून पुरं होत असे.

दुसऱ्या महायुद्धात भाव कडाडले आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. आधीच्या पिढीला रेशन म्हणजे निकृष्ट धान्य, खडे, रांगा एवढंच आठवतं आणि ते खोटं नाही. पण भाद्रपदातही चैत्राच्याच भावात धान्य मिळण्याची शक्यता पहिल्यांदा सर्वसामान्य घराला रेशननं दाखवली. एकरकमी पैसा नसला तरी चालेल, कार्ड पाहिजे. १९५४ च्या सुमारास नियंत्रणं उठली, पण साठच्या दशकातल्या टंचाईनं पुन्हा सगळं त्याच वाटेवर आलं. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालं.

पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायला १९६०-६१ च्या भावांनी किती पैसे लागतात? खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढंही न जमणारी माणसं कोट्यवधी होती. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळात होरपळला. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा हे ज्यांनी पाहिलं त्यांना ‘काटकसर’ हा शब्द तोंडातून काढवत नाही. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली.

शहरातल्या बायका तेव्हा रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. तेल, साखर, रॉकेल, रवा मिळत नव्हतं आणि मिळालं तर काळ्या बाजारात. थाळ्या वाजवत, लाटणी उगारत मोर्चे निघाले. माझी आई एका लाटणे मोर्चात होती. आयुष्यभर ती हिशेबाच्या वहीत तोंड खुपसून बसलेली मी पाहिली, पण त्या दिवसाबद्दल बोलताना तिचा आवाज वेगळाच लागायचा. घरातली तुटपुंजी जमा हा आपला दोष नाही, हे तिला त्या गर्दीत पहिल्यांदा कळलं, असं ती म्हणे.

दुसरी वाट एकत्र खरेदीची. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेल्या सहकारी भांडारातून पुढे अपना बाजार वाढला. बिंदुमाधव जोशींच्या पुढाकारानं १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची पद्धत मला आजही फार आवडते. दुकान नाही. शेजारपाजारची काही घरं मिळून एक संघ. महिन्याची यादी आधी भरायची, पैसे आधी द्यायचे, पंचायत घाऊक माल आणणार, एका घरी तो उतरणार आणि सगळ्यांनी मिळून आपापल्या पिशव्या भरायच्या. मधला दलाल नाही, जाहिरात नाही, भपका नाही. पैसे आधी द्यायचे असल्यामुळे जमवाजमव लागायचीच, आणि म्हणून ही चळवळ नोकरदार मध्यमवर्गात जास्त रुजली. पण गहू पोत्यानं घेण्याचा फायदा पाच किलो घेणाऱ्याला मिळू शकतो, हे तिनं करून दाखवलं.

गिरण्यांच्या भागात त्याच वर्षी, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या दरानं धान्य भरणाऱ्या या बायकांना पहिल्यांदा बँकेच्या दरानं धान्य भरता आलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख घरांचा पगार थांबला, तेव्हा अनेक चुली बायकांच्या अशा कमाईवर पेटत्या राहिल्या.

आजचं चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदयाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. यामुळे घराचा पाया सावरतो, यात शंका नाही. पण तेल, डाळ, गॅस, शाळा, दवाखाना हे सगळं त्याच्या बाहेर आहे आणि आता वर्ष मोडतं ते तिथे. बीडकडच्या ऊसतोड जोडप्याला दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून एकरकमी उचल मिळते खरी, पण ती पुढच्या सहा महिन्यांच्या घामावर आधीच चढवलेलं कर्ज असते. तिच्यातून धान्य भरण्याआधी मागची देणी जातात.

म्हणून मला बचत गटांचं मोल वाटतं. १९९२ मध्ये नाबार्डनं गट आणि बँका जोडायला सुरुवात केली, त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी, वस्तीवस्तीत गट झाले. आमच्या भागात घरकाम करणाऱ्या बायकांचा एक गट आहे. महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत आणि शेकडा दोन रुपये दरानं आपसात कर्ज. व्याज गटाच्याच पेटीत पडतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की एप्रिलमध्ये गटातून धान्यासाठी कर्ज उचलायचं, गहू एकदम आणायचा आणि दहा महिन्यांत फेडायचं. गेल्या वर्षी टेम्पो आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरला. काटा लावून पोती वाटली. आजीची वही मी कौतुकानं बाहेर आणली होती. त्यांच्यातल्या एकीनं ती उघडून एक पान बोटानं वाचलं आणि मला विचारलं, “ताई, एरंडेल पोत्याला किती लावायचं?” पन्नाशीची बाई. स्वयंपाकात आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज. तिच्या घरात गव्हाचं पोतं त्या दिवशी पहिल्यांदाच येत होतं.