गोटी-घसरगुंडी किट: मुलांना ऊर्जा कशी समजवायची

किट घेतल्याबद्दल थँक्यू. डब्यात काय काय आहे ते झाकणाच्या आतून छापलंय. हा कागद आईबाबा आणि टीचर लोकांसाठी आहे, कारण अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बरेचसे फोन एकाच प्रश्नाचे असतात, गोटी तर मस्त पळाली, पण आता ह्यातून ऊर्जा कशी शिकवायची?

आमचं म्हणणं एवढंच की गतिज, स्थितिज हे शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. तिसरी-चौथीतलं पोरगं व्याख्या पाठ करतं, पेपरात लिहितंपण, आणि घरी येऊन विचारतं की कपाटावर गप्प पडलेल्या बॉलमध्ये ऊर्जा कुठे बसलीय. आधी हाताला कळू दे, नाव मागून दिलं तरी चालतं.

पट्टीचं वरचं टोक १० सेंटीमीटरच्या खुणेला अडकवा. खाली पेपर कप आडवा ठेवा, तोंड पट्टीकडे. आता गोटी सोडायच्या आधी मुलाला फरशीवर खडूने खूण करायला लावा, कप कुठपर्यंत सरकेल ते. मग सोडा. मग २० वर, मग ४० वर, दरवेळी आधी खूण. गोटीला धक्का द्यायचा नाही, नुसतं बोट काढायचं. हे अंदाज लावणं गाळलं तर किट म्हणजे नुसतं खेळणं, आमची काही हरकत नाही पण तुम्ही पैसे त्याच्यासाठी दिलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टीलची गोळी घ्या. साईझ सेम, पण वजन काचेच्या गोटीच्या साधारण तिप्पट. विचारा, खाली आधी कोण पोचणार? पोरं स्टील म्हणतात, आजोबापण स्टीलच म्हणतात, आणि दोन्ही जवळजवळ एकदमच येतात. पण कप मात्र स्टीलची गोळी बराच लांब ढकलते. इथे थांबा, मुलाला बोलू द्या. कप बरोब्बर तिप्पट लांब जाईल असं मात्र धरू नका, कारण टक्कर होताना थोडी ऊर्जा कप दबण्यात, आवाजात आणि उष्णतेत जाते.

आता नावं सांगा. गोटी वर नेऊन ठेवली ते काम हाताने केलं, ते तिथे साठलं, ती स्थितिज ऊर्जा. पळताना असते ती गतिज. एक किलो साखरेची पिशवी मीटरभर वर उचलली की साधारण १० ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जा मोजायचं एकक) साठतात, हे घरात करून दाखवता येतं. सूत्रं नववीला येतातच, आत्ता नकोत. गोटी थांबली म्हणजे ऊर्जा संपली असं मुलांना वाटतं, तेव्हा तळहात एकमेकांवर जोरात घासायला सांगा, गरम लागतात ना, गोटीचीपण तशीच फरशीशी घासून उष्णता झाली, इतकी थोडी की कळत नाही.

नाशिकच्या पोरांना पुढचं उदाहरण शोधायला लागत नाही. गंगापूर धरणात अडवलेलं पाणी ती वर ठेवलेली गोटी, आणि पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर कोसळतं ते पळणारी. भंडारदऱ्याला जाणार असाल तर पलीकडच्या घाटघर प्रकल्पाबद्दल नक्की सांगा, २५० मेगावॅटचा आहे, विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की सोडून त्यावर वीज करतात.

गणपतीचा शाडू उरला असेल तर तो ओला करून थापा आणि त्यावर स्टीलची गोळी वेगवेगळ्या उंचीवरून सोडा, खड्डे बघा. हॉलंडच्या ग्रावेसांदे नावाच्या शास्त्रज्ञाने १७२० च्या दशकात पितळी गोळे मऊ मातीत टाकून हेच केलं होतं, आणि फ्रान्सच्या एमिली दु शातलेने पुढे त्यावर लिहिलं. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, हे त्यातून पुढे आलं. म्हणूनच वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते. पाचवीच्या पुढच्यांनाच सांगा, लहानांना खड्डे पुरतात.

गोल रिंगबद्दल, म्हणजे जिच्या आतून गोटी उभा गोल फेरा मारते तिच्याबद्दल, सगळ्यात जास्त तक्रारी येतात, गोटी वरून पडते म्हणून. ती किटची चूक नाही. गोटी रिंगच्या उंचीवरूनच सोडली तर वर पोचेपर्यंत वेग उरतच नाही. घर्षण सोडून हिशोब केला तर रिंगच्या उंचीच्या सव्वापट लागते, पण गोटी स्वतःभोवती गरगरते त्यात थोडी ऊर्जा अडकते, त्यामुळे १.३५ पट, आणि प्लास्टिकचं घर्षण धरून आम्ही दीडपट सांगतो. रिंग २० सेंटीमीटरची आहे, म्हणजे ३० च्या खुणेवरून सोडा. तरी पडली तर जोड तपासा, तिथे खाच राहिली असेल.

घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर गोट्या मोजून डब्यात ठेवा. स्टीलची गोळी टाईल्सवर टाकू नका, खाली शाडू किंवा जाड पुठ्ठा घ्या. कप फाटले तर चहाचे पेपर कप चालतात, नवीन मागवायची गरज नाही.