बॅलेच्या बुटात लोखंड नसतं

दांडिया बाजारात आमच्याकडे परवा टीव्हीवर एकांकी बॅले लावले होते. आधी ‘ले सिल्फीद’ (पॅरिस, 1909), मग नवअभिजात वळणाचा, म्हणजे जुन्या शास्त्रीय शैलीला नवं रूप देणारा ‘अपोलो’ (1928). पहिली नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली आणि काकू म्हणाल्या, “टोकात लोखंड असतं गं, मला फॉरवर्ड आलं होतं.”

समज साहजिक आहे. बूट टणक दिसतो, लाकडी रंगमंचावर टकटक वाजतोही. पण ते टोक म्हणजे कापडाचे आणि कागदाचे थर, खळीसारख्या चिकट लेपाने जोडून वाळवलेले. तळव्याखाली चामड्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी. काही नव्या बनावटींत प्लॅस्टिकही असतं. घामाने लेप मऊ पडतो, म्हणून व्यावसायिक नर्तकीचा जोड कधीकधी एका प्रयोगातच निकामी होतो. लोखंड असतं तर असं झालं असतं का?

1832 मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’ (नाव सारखं, पण ‘ले सिल्फीद’हून वेगळा, जुना बॅले) झाला तेव्हा तर हे कडक टोकही नव्हतं. साटीनची मऊ चप्पल, कडांना रफू केलेली.

मग तोल सांभाळतं कोण? घोटा, पोटरी, पाठ आणि कित्येक वर्षांचा रियाज. बूट फक्त बोटांना चहूबाजूंनी आवळून धरतो.

पडताळायचं तर बॅले शिकणाऱ्या कुणाकडून टाकाऊ जोड मागा. टोकाला लोहचुंबक लावा, चिकटणार नाही. (टाचेकडे लावू नका, तिथे काहींत बारीक खिळा असतो.) मग टोक कात्रीने कापा. काकूंना आतले कागदाचे थर मोजायचेत, जोड मिळायचाय.