थम, चक्रं आणि अकरावीचा प्रवेश

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या क्लासवाल्या रस्त्यांवर फलकांची दाटी होते. त्यातच एक दुकान असतं: दहा बोटांचे ठसे स्कॅनरवर द्या, काही हजार रुपये भरा आणि जाडजूड रंगीत अहवाल घेऊन जा. लेकराचा डावा मेंदू किती, उजवा किती, गणिताची बुद्धी किती टक्के, सायन्स घ्यायचं की कॉमर्स, सगळं त्यात छापलेलं. याला 'डीएमआयटी' म्हणतात. बोटांवरची चक्रं आणि शंख मोजून नशीब सांगणारा पूर्वी पारावर बसायचा. त्याच्या हाती आता लॅपटॉप आला आहे.

अशा अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात. त्वचेच्या वरच्या थरापुरतं वाक्य खरं आहे. त्या थराला बाह्यस्तर म्हणतात. पण केस, नखं, घामाच्या ग्रंथी आणि दातांवरचं एनॅमलसुद्धा त्याच थरातून येतं. मग दात बघून इंजिनिअर निवडायलाही हरकत नसावी.

ठसा प्रत्यक्षात कसा उमटतो, हे या धंद्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर छोट्या गाद्या फुगतात. दहाव्या आठवड्यानंतर त्या बसू लागतात आणि त्याच सुमारास त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशी काही ओळींमध्ये भराभर वाढून आत दबतात. केसाचं मूळ तयार होताना सुरुवात अशीच होते, इथे मात्र काम अर्ध्यावर थांबतं. केस उगवत नाही, वरंबा उरतो. सतराव्या आठवड्याच्या आसपास मांडणी पक्की झालेली असते.

पण वरंबे ठरावीक अंतरावरच का पडतात? ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५२ साली कागदावर दाखवलं होतं की एक रसायन वाढ पेटवणारं आणि दुसरं ती दाबणारं असेल, तर सपाट ऊतीत आपोआप पट्टे किंवा ठिपके उमटू शकतात. एडिनबरा विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये बोटांच्या ठशात नेमकं हेच सापडल्याचं मांडलं. 'डब्ल्यूएनटी' हा संकेत पेशींना वाढायला लावतो आणि 'बीएमपी' दोन वरंब्यांमधली सरी मोकळी ठेवतो. तिसरा 'ईडीएआर' पट्ट्यांची रुंदी आणि अंतर सांभाळतो. उंदरांमध्ये तो बंद पाडल्यावर पट्ट्यांऐवजी ठिपके आले.

आता चक्र की शंख? वरंबे एकदम सगळीकडे पडत नाहीत. सुरुवात तीन ठिकाणांहून होते: गादीचा मध्य, नखाखालची कड आणि सांध्याची घडी. एकाच रानात तिघांनी तीन बाजूंनी सऱ्या पाडायला घेतल्या, तर त्या जिथे भिडतील तिथे त्रिकोणी तिढा पडेल. ठशातला तो तिढा म्हणजे डेल्टा. गादी उंच आणि दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर मधल्या लाटा गोल फिरतात आणि चक्र होतं. ती एका अंगाला कललेली असेल तर शंख होतो. लवकर बसली तर नुसती कमान उरते. माणसांच्या बोटांवर ढोबळमानाने ६० ते ६५ टक्के शंख, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि ५ टक्क्यांच्या आसपास कमानी असतात. म्हणजे चक्र दुर्मीळ नाही, राजयोगाचं नंतर बघू.

बारीक तपशील मात्र त्या-त्या जागच्या वाढीवर सोडलेला असतो. म्हणून एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असूनही ठसे वेगळे निघतात. ठशाच्या प्रकाराशी संबंध असलेली जनुकं शोधणारा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर आलेली जनुकं प्रामुख्याने गर्भातले हातपाय घडवणारी होती.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांना विचारा. हंगामभर कोयता धरून, मोळ्या बांधून बोटांची वरची कातडी गुळगुळीत होते आणि राशन दुकानाच्या मशीनवर "थम लागत नाही" हे ऐकावं लागतं. काम थांबल्यावर काही आठवड्यांत ठसा परत दिसू लागतो, कारण खरा साचा खालच्या थरात असतो. अहवालवाल्यांच्या हिशेबाने या माणसाची गणिताची बुद्धी हंगामात उतरून पावसाळ्यात परत यायला हवी.

मग अहवाल "अगदी बरोबर" का वाटतो? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाचं वर्णन दिलं, सगळ्यांना एकच. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. 'हुशार आहे पण एकाग्रता कमी पडते' हे कोणत्या सोळा वर्षांच्या पोराला लागू पडत नाही?

तपासणी घरीच करता येते. चार मुलांचे अहवाल घ्या, नावं आणि फोटो झाका आणि प्रत्येकाला आपला ओळखायला सांगा, एक अहवाल एकालाच. नुसत्या अंदाजाने सरासरी एक जण बरोबर निघतो. चौघंही बरोबर येण्याची शक्यता २४ मध्ये एक असते.

क्षेत्र निवडायचं तर त्या क्षेत्रातलं छोटं काम करून बघणं याहून जास्त सांगतं. मनात असलेली तीन क्षेत्रं लिहा, प्रत्येकातलं एक काम निवडा आणि ते तीन वेळा करा. कॉमर्ससाठी ओळखीच्या दुकानाची एका महिन्याची बिलं जमा-खर्चात मांडा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड मनात असेल तर जिन्याच्या दिव्याची जोडणी करा: दोन टू-वे स्विच, एक होल्डर, नऊ व्होल्टची बॅटरी, त्या बॅटरीला चालणारा छोटा बल्ब आणि तीनेक मीटर वायर. घरातल्या विजेला हात लावायचा नाही. पहिल्यांदा बहुतेकांचं चुकतं एकाच ठिकाणी: स्विचची कॉमन पिन, म्हणजे आळीपाळीने बाकीच्या दोन पिनांना जोडली जाणारी पिन, ओळखलेली नसते. मग एक स्विच ठरावीक बाजूला असेल तरच दुसऱ्याने दिवा लागतो.

वहीत चार रकाने करा: तारीख, लागलेली मिनिटं, चुका, कुणाची मदत घेतली. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून काही ठरवू नका, नवशिक्याच्या चुका सगळ्यांच्याच होतात. पहिला आणि तिसरा प्रयत्न शेजारी ठेवून बघा. मिनिटं आणि चुका किती घटल्या? शिकवणारे सर आवडतात म्हणून विषय आवडतोय का, हेही तपासा: एक प्रयत्न सर नसताना करा. आणि एक पाचवा रकाना जोडा: कुणी न सांगता ते काम चौथ्यांदा केलं का, हो की नाही.