सावली साताऱ्यावरून जाणार की सांगलीवरून? लघुग्रह-पिधानाच्या भाकिताची पार्श्वभूमी

पंचांगात चंद्र-रोहिणी पिधान युती दिलेली असते. पिधान म्हणजे चंद्राने किंवा लघुग्रहाने तारा झाकणं; ताऱ्याच्या प्रकाशात पडणाऱ्या त्याच्या सावलीत जे असतील त्यांनाच ते दिसतं. चंद्राची सावली सुमारे ३,४७५ किमी रुंद, त्यामुळे अख्खा महाराष्ट्र एकदम तीत येऊ शकतो. लघुग्रहाचं तसं नाही. ताऱ्याचे किरण समांतर येतात, म्हणून ४० किमीच्या लघुग्रहाची सावलीही ४० किमीचीच. तारा क्षितिजाजवळ असला तर ती जमिनीवर लांबट पसरते, एवढंच. सावली सेकंदाला १५ किमी वेगाने सरकत असेल, तर तारा जास्तीत जास्त २.७ सेकंद दिसेनासा होतो. सातारा-सांगली सरळ अंतर साधारण ११० किमी. सावलीचा पट्टा या दोन्हींच्या मधूनही निघून जाऊ शकतो.

यामागचं गणित जुनं आहे, एकोणिसाव्या शतकातल्या बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं. ताऱ्याच्या दिशेशी काटकोनात, पृथ्वीच्या केंद्रातून जाणारं एक प्रतल कल्पायचं, त्यावर सावलीच्या मध्याचा मार्ग काढायचा आणि तो पृथ्वीच्या पृष्ठभागावर उतरवायचा. अडचण इथे कधीच नव्हती. अडचण होती ती तारा आणि लघुग्रह नेमके कुठे आहेत, ही.

१९५२ मध्ये ब्रिटनमध्ये गॉर्डन टेलर यांनी लघुग्रहांचे मार्ग तारासूचींशी पद्धतशीर ताडून पाहायला सुरुवात केली. पहिलं यश १९ फेब्रुवारी १९५८ला, स्वीडनमधल्या माल्मोहून, जुनो लघुग्रहाच्या वेळी. दुसरं यश आपल्याकडचं, आणि ते फार कमी जणांना माहीत आहे: २ ऑक्टोबर १९६१, पॅलस, नैनितालची वेधशाळा, तेही प्रकाशविद्युत उपकरणाने. पण एका ठिकाणच्या वेधातून एकच जीवा, म्हणजे लघुग्रहाला आरपार छेदणारी एकच रेषा, मिळते. लघुग्रह किमान एवढा मोठा आहे, इतकंच त्यावरून म्हणता येतं.

त्या काळच्या सूचीत ताऱ्याची जागा एका विकलेने (अंशाच्या ३,६००व्या भागाने) चुकणं सहज शक्य होतं. पृथ्वीपासून दोन खगोलीय एककांवर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुप्पट लांब, असलेल्या लघुग्रहासाठी एक विकला म्हणजे १,४५० किमी. साताऱ्याहून दिल्लीसुद्धा याहून जवळ! म्हणून घटनेच्या काही दिवस आधी, तारा आणि लघुग्रह एकाच काचपट्टीवर टिपता येतील इतके जवळ आले की फोटो घेऊन भाकीत सुधारायचे. २९ मे १९८३ला पॅलसने 'वन व्हल्पेक्युली' हा तारा झाकला, तेव्हा अमेरिका-मेक्सिकोतून शंभराहून जास्त जीवा मिळाल्या.

हिप्पार्कोस उपग्रहाच्या १९९७च्या सूचीने १ लाख १८ हजार ताऱ्यांची जागा सहस्रांश विकलेपर्यंत नेली, पण तो हिशेब १९९१चा. ताऱ्याच्या निजगतीत (आकाशात तो स्वतः हळूहळू सरकतो त्या गतीत) वर्षाला एक सहस्रांश विकलेची चूक धरली, तर वीस वर्षांनी, दोन खगोलीय एककांवरच्याच लघुग्रहासाठी, पट्टा २९ किमी सरकतो. गाया या युरोपीय अंतराळ दुर्बिणीच्या एप्रिल २०१८च्या दुसऱ्या सूचीने हा प्रश्न बहुतेक मिटवला, आणि चौदा हजार लघुग्रहांच्या जागाही दिल्या. आता चूक बहुधा लघुग्रहाच्या कक्षेत उरते.

म्हणूनच पूर्वी नगण्य असलेल्या गोष्टी आता बघाव्या लागतात. गायाच्या सूचीतला 'रूवे' आकडा, म्हणजे ताऱ्याची मोजमापं एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळतात याचं माप, १.४च्या वर असेल तर तारा जोडतारा असण्याचा संशय घ्यायचा; अशा वेळी छापलेल्या त्रुटीवर भरवसा ठेवू नये. दुसरी गोष्ट उंचीची. भाकिताच्या नकाशावरच्या पट्ट्याच्या रेषा बहुधा समुद्रसपाटीच्या असतात. कासचं पठार सुमारे १,२०० मीटरवर. तारा क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर तिथे रेषा ताऱ्याच्या दिशेने दोन किमी सरकते. ५५० मीटरवरच्या सांगलीत हाच फरक एक किमीच्या आत राहतो. तारा पट्ट्याच्या दिशेतच असेल तर कडा हलत नाहीत, फक्त वेळ बदलते; काटकोनात असेल तर पाच किमीच्या लघुग्रहासाठी जागाच बदलावी लागते.

तारीखही तपासायची. भाकीत जागतिक वेळेत असतं: १४ तारखेचे १९:०० म्हणजे आपल्याकडे १५ तारखेचे पहाटेपूर्वीचे ००:३०, म्हणजेच दुर्बीण १४च्या रात्रीच लावायची. आणि पट्ट्याबाहेर पडलेल्या गावाने तारा अखंड दिसल्याचं वेळेसकट नोंदवावं. लघुग्रहाची कड कुठे संपते, हे त्याच नोंदीवरून ठरतं.