रनटाइमला ऑब्जेक्ट तयार करणं

प्रोग्राम चालू असताना, म्हणजे रनटाइमला, गरज पडेल तसा नवा ऑब्जेक्ट (डेटा आणि त्यावर चालणारी फंक्शन्स यांचा एक गठ्ठा) मेमरीत बनवणं म्हणजे डायनॅमिक ऑब्जेक्ट क्रिएशन. कोड लिहिताना किती ऑब्जेक्ट लागणार, कुठल्या क्लासचे (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा) लागणार हे बऱ्याचदा माहीतच नसतं, युजर काय क्लिक करतो, फाइलमध्ये काय निघतं त्यावर सगळं ठरतं.

नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी बनवलेल्या सिम्युला 67 या प्रोग्रामिंग भाषेत क्लास होते आणि न्यू लिहिलं की ऑब्जेक्ट मिळायचा. सी प्लस प्लस, जावा, सी शार्प सगळीकडे आजही तोच न्यू आहे. तो लिहिला की साधारणपणे हीपवर (मेमरीतला लागेल तशी जागा घ्यायचा भाग) जागा घेतली जाते, मग कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्टची सुरुवातीची मांडणी करणारं फंक्शन) चालतो आणि ऑब्जेक्टचा पत्ता किंवा रेफरन्स हातात येतो. काम झाल्यावर सी प्लस प्लसमध्ये डिलीट करावं लागतं नाहीतर मेमरी लीक होते, म्हणजे नको असलेली जागा अडकून राहते (2011 च्या स्टँडर्डपासून युनिक पॉइंटर ते काम करतो), जावामध्ये वापरात नसलेले ऑब्जेक्ट आपोआप काढणारा गार्बेज कलेक्टर ते बघून घेतो.

खरी गंमत पुढे आहे. न्यूच्या पुढे क्लासचं नाव कोडमध्येच लिहावं लागतं, पण समजा चित्र काढायचा प्रोग्राम आहे, तो सेव्ह केलेली फाइल वाचतोय आणि एका ओळीत "वर्तुळ" आलं, दुसरीत "चौकोन", तर या स्ट्रिंगवरून ऑब्जेक्ट कसा बनवणार? जावात रिफ्लेक्शन (प्रोग्रामने चालू असतानाच स्वतःचे क्लास शोधणं आणि वापरणं) वापरून क्लास डॉट फॉरनेमला पॅकेजसकट पूर्ण नाव द्यायचं, कन्स्ट्रक्टर मिळवायचा आणि न्यूइन्स्टन्स कॉल करायचा. थेट क्लासवरचं न्यूइन्स्टन्स मात्र जावा 9 पासून डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका असं सांगितलेलं) आहे, कारण कन्स्ट्रक्टरने फेकलेलं चेक्ड एक्सेप्शन (ज्या चुकीची दखल घ्यायला कंपायलर भाग पाडतो ती) त्यातून कंपायलरला चुकवून तसंच बाहेर यायचं. सी शार्पमध्ये याच कामाला ॲक्टिव्हेटर नावाचा क्लास आहे. पायथनमध्ये क्लास स्वतःच ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे तो सरळ डिक्शनरीत (नावावरून वस्तू शोधायची यादी) ठेवता येतो, इतकंच काय तर टाइप फंक्शनला नाव, बेस क्लास आणि ॲट्रिब्यूट दिले की नवा क्लासच रनटाइमला तयार होतो.

प्लगइन लोड करायला, फ्रेमवर्क लिहायला रिफ्लेक्शन बऱ्याचदा लागतंच, पण रोजच्या कोडमध्ये माझ्या मते साधी फॅक्टरीच (ऑब्जेक्ट बनवून देणारा वेगळा कोड) बरी. एक मॅप (नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांची यादी) ठेवायचा, त्यात नाव (key) म्हणजे "वर्तुळ" आणि व्हॅल्यू म्हणजे वर्तुळ बनवून देणारं फंक्शन, नवा आकार आला की एक एंट्री वाढवायची आणि बाकीच्या कोडला हात लावायचा नाही. क्लासचं नाव बदललं तर कंपायलर लगेच ओरडतो, रिफ्लेक्शनमध्ये तीच चूक प्रोग्राम त्या ओळीवर पोचेपर्यंत लपून बसते.

शिवाय सिक्युरिटी. बाहेरून आलेली स्ट्रिंग न तपासता क्लासचं नाव म्हणून वापरली तर समोरचा माणूस आपल्याकडून भलताच क्लास तयार करून घेऊ शकतो, जावाच्या डिसीरियलायझेशनमधले (साठवलेल्या डेटातून परत ऑब्जेक्ट बनवण्यातले) बरेच हल्ले याच जातीचे आहेत. मॅपमध्ये जे नाव नाही त्याचा ऑब्जेक्ट बनतच नाही, त्यामुळे परवानगी असलेल्या क्लासची यादी वेगळी सांभाळावी लागत नाही.