जेनी पत्रे लिहीत नाही

झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) आणि अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ (१९८२) या दोन कादंबऱ्यांविषयी लिहिताना एकीची वैशिष्ट्ये दुसरीला चिकटवली जातात, आणि ‘आपली कहाणी देवाला सांगणारी जेनी’ हे हर्स्टन यांच्या नायिकेविषयीचे वाक्य तर मी इतक्यांदा वाचले आहे की त्याचा प्रतिवाद करणे भाग आहे. वॉकर यांची नायिका सेली, तिची बहीण नेटी आणि गायिका शुग एव्हरी यांना वाचक पुलित्झर पुरस्कारामुळे किंवा स्पीलबर्ग यांच्या चित्रपटामुळे ओळखतात. जेनी फ्लोरिडातली असून तिची तीन लग्ने होतात, हे कोणताही सारांश सांगेल. फोर्ट पिअर्समधील हर्स्टन यांची बेवारस कबर वॉकर यांनी १९७३ मध्ये शोधून तिच्यावर शिळा बसवली, परंतु त्या ऋणावरून दोन्ही पुस्तके एकाच घडणीची ठरत नाहीत.

घोटाळ्याचे मूळ ‘देव’ या शब्दात आहे. हर्स्टन यांच्या शीर्षकातला देव म्हणजे फ्लोरिडातील ओकीचोबी तळ्याकाठच्या वादळी रात्री अंधारात बसलेली माणसे ज्याच्याकडे डोळे लावून असतात तो. त्याला कोणीही पत्र लिहीत नाही. पत्रे सेली लिहिते, कारण देवावाचून कोणालाही सांगायचे नाही, अशी तिला धमकी मिळालेली असते. नवऱ्याने दडवलेली नेटीची पत्रे हाती लागल्यानंतर ती देवाला सोडून बहिणीला लिहू लागते, तेव्हा ते लादलेले मौन मोडते.

जेनी मात्र बोलते. आपल्या गावी, ईटनव्हिलला, परतल्यावर मागच्या पायऱ्यांवर बसून ती मैत्रीण फीबीला एकाच बैठकीत सगळे सांगते आणि गावाला काय कळवायचे ते तिच्यावर सोपवते. तरीही सेलीची पत्रे जशी ‘मी’ची आहेत, तशी ही कादंबरी नाही: सुरुवातीनंतर लवकरच सूत्रे तृतीयपुरुषी निवेदनाकडे जातात, आणि संवाद बोलीत असले तरी निवेदन बव्हंशी काव्यमय प्रमाण इंग्रजीत चालते. पिसाळलेला कुत्रा चावून भ्रमिष्ट झालेल्या तिसऱ्या नवऱ्यावर, टी केकवर, तिला गोळी झाडावी लागते, तेव्हाच्या खटल्यातील तिची साक्षही तिच्या शब्दांत येत नाही. काही समीक्षक याला दोष मानतात. मला तो मान्य नाही, कारण गोऱ्या पंचांना जे सांगणे तिला भाग पडले, ते तिने आपल्या इच्छेने फीबीला कादंबरीच्या आरंभीच, अधिक पूर्णपणे, सांगायला घेतलेले आहे.