टायरमध्ये हवा कमी ठेवली की टायर फुटत नाही?

दर उन्हाळ्यात फिरणारा एक सल्ला: 'गाडी भरलेली असेल तर हवा पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी ठेवा, गरम होऊन टायर फुटतो.'

गरम झाल्यावर हवेचा दाब वाढतो, हे खरंच आहे. दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड-दोन पीएसआय. पण ही वाढ टायर बनवतानाच धरलेली असते. धोका वेगळाच आहे. हवा कमी असली की वजनाखाली टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि त्या सततच्या वाकण्यानेच टायर तापतो. फोर-बाय-फोरमध्ये सात माणसं, वर कॅरिअरवर सामान, आणि समोर कसारा घाट. अशा वेळी कमी हवा म्हणजे जास्त उष्णता. म्हणून भरलेल्या गाडीला हवा जास्त लागते, विशेषतः मागच्या चाकांना.

किती? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर पाहा. बऱ्याच गाड्यांत पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.

पडताळून पाहायचं तर सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच, गाडी हलवण्याआधी गेज (हवेचा दाब मोजायचं साधन) लावा. घाट चढून इगतपुरीला पोहोचलात की पुन्हा मोजा. चार-पाच पीएसआय वाढलेले दिसतील. ती हवा कृपया सोडू नका. वाढ याहून बरीच जास्त असेल तर सकाळी हवा कमी होती किंवा सामान जास्त आहे.

वाळूत हवा कमी करतात ते बरोबर आहे, पण तिथे वेग अगदी कमी असतो. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरायची.